डबा भरेपर्यंतची भीती

पाच किलो जोंधळा दळायला माझ्या गिरणीला दहा-बारा मिनिटं लागतात. माझी गोष्टही तेवढीच असते.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून जांबोटीकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव आहे. गिरणी सासऱ्यांनी घातली, आता तेवीस वर्षं मी चालवते. संध्याकाळी शाळा सुटली की आया पोरांच्या हातात डबा देऊन त्यांना पिटाळतात. रांगेत आठ-दहा पोरं असतात. त्यातली दोघं-तिघं कन्नड शाळेतली, बाकीची मराठी. थ्री फेज आली की एकेक डबा पेटीत ओतायचा, खाली पिठाचा डबा लावायचा आणि बाहेर कट्ट्यावर येऊन बसायचं. आत घरघर चालू असते, म्हणून पोरं अगदी अंगाला चिकटून बसतात आणि माझ्या तोंडाकडे बघत ऐकतात. मागणी एकच: "काकी, भुताची."

त्यातल्या सहा-सात गोष्टी पुढे दिवाळी अंकांत छापून आल्या, तेव्हापासून लोक विचारतात, मुलांसाठी भुताची गोष्ट कशी रचायची? म्हणून हे लिहायला घेतलं. मला जे जमलं आणि जे अंगाशी आलं, ते दोन्ही सांगते.

पहिलं वर्ष माझं वायाच गेलं. लहानपणी ऐकलेलं सगळं मी काढलं. उलट्या पायांची हडळ, पिंपळावरचा मुंजा, डोहातला गिऱ्हा. सहावीतल्या एका पोराने सरळ जांभई दिली. मोबाइलवर याहून भारी बघतो म्हणाला. मला राग आला, पण रात्री भाकऱ्या थापताना पटलं की पोराचं बरोबर आहे. बघा ना, हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा. समंधाचा जीव वाड्यात नाहीतर पुरलेल्या पैशात अडकलेला. वंश, लग्न, इस्टेट, ही सगळी घरातल्या थोरल्यांची काळजी आहे. दहा वर्षांचं पोर इस्टेटीच्या काळजीने रात्री जागत नाही. शिवाय रांगेतल्या एखाद्या पोरीची मावशी खरंच बाळंतपणात गेलेली असते, आणि ती डबा धरून तुमच्या समोर उभी असते. त्या दिवसापासून हडळ बंद.

म्हणून सुरुवात भुतापासून करू नका. पोराला कशाची भीती वाटते, तिथून करा. पण ते थेट विचारायचं नाही. "तुला कशाची भीती वाटते?" म्हटलं की छाती काढून उत्तर येतं, "कशाचीच नाही." त्याऐवजी विचारा, "तुझ्या धाकट्या भावाला कशाची भीती वाटते?" मग बघा कसा घडाघडा बोलतो ते. त्यातलं निम्मं त्याचं स्वतःचं असतं. धाकटा भाऊ नसला तर शेजारचा चालतो.

उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी हे टिपत गेले. काही नोंदी अशा आहेत: बाबा गोव्याहून चार महिन्यांनी येतील आणि मला ओळखणार नाहीत. आजी मला मेलेल्या काकाच्या नावाने हाक मारते, मी ओ देऊ का नको? बसमध्ये झोप लागली आणि आपलं गाव मागे गेलं तर? बोअरचा दांडा कुणी नसताना हलतो. दुधाचा दात कौलावर टाकला, तो कुणी नेला? बाईंनी हजेरी घेतली आणि माझं नावच आलं नाही.

पाच-सहा वर्षांपर्यंत भीती अंधाराची, आवाजाची, खाटेखालच्या कशाचीतरी असते. आठ-नऊच्या पुढे ती बदलते. आपलं माणूस हरवेल, आपण विसरले जाऊ, चारचौघांत हसं होईल, ही भीती आत येऊन बसते. मोठ्यांना वाटतं मूल मोठं झालं, आता घाबरत नाही. तसं काही नसतं, ते फक्त सांगायचं बंद करतं. तुमचा विषय त्या न सांगितलेल्या ओळीत असतो. कवटी, रक्त, स्मशान यांची गरजच पडत नाही.

माझी पहिली जमलेली गोष्ट एका पोरीच्या प्रश्नातून आली. 1990च्या दशकात कर्नाटकात एक आवई उठली होती. रात्री कुणीतरी दारावर येतं, आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं, दार उघडलं की संपलं. म्हणून लोकांनी दारांवर कन्नडमध्ये लिहून ठेवलं, 'नाळे बा', म्हणजे उद्या ये. ती यायची, वाचायची, परत जायची. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचायची. मी हे सांगत होते, तर चौथीतली एक पोर म्हणाली, "काकी, आमच्या दारावर मराठीत लिहिलं आणि तिला मराठी वाचायला येत नसलं तर?"

सगळी हसली. मग हळूहळू हसायची थांबली.

तिथे मला कळलं की भूत कसं दिसतं याला फारसा अर्थ नाही. त्याचा नियम काय आहे, आणि तो नियम कुठे फसतो, यात गोष्ट आहे. एका गोष्टीला एकच नियम ठेवा. वाचता येतं पण एकच लिपी. हाक मारतं पण एकदाच. नियम पोरांना आधी स्पष्ट सांगून टाका, लपवू नका. मग ती स्वतःच डोकं चालवतात, आणि आपण विचार करून घाबरणं हे दुसऱ्याने भॉक करून घाबरवण्यापेक्षा कितीतरी पुढचं असतं. भॉक केलं की पोर दचकतं आणि लगेच हसतं. विचार मात्र डब्याबरोबर घरी जातो.

हाकेचंच पुढे चालवते. आपल्याकडे हाकामारी ऐकलेली असते. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आजीने सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. मी त्यात एक बदल केला. गोष्टीतला पोरगा गुरं घेऊन तिन्हीसांजेला परत येतोय. धुकं पडलंय. मागून आजीचा आवाज येतो, अगदी तिचाच, तसाच घोगरा. आजी विचारते, "कुठे चाललास रे?"

एवढंच. कारण आमच्याकडची आजी 'कुठे चाललास' म्हणत नाही. ती म्हणते, "खट्टे जाऊलास?" पुण्या-मुंबईच्या वाचकाला यात काही वाटणार नाही, पण कट्ट्यावरची सगळी पोरं एकदम गप्प झाली. आवाज आजीचा आणि भाषा पुस्तकातली! शाळेत बाई ज्या भाषेत शुद्धलेखन घालतात, ती भाषा धुक्यातून आजीच्या तोंडाने आली. मला स्वतःला सांगताना काटा आला.

म्हणून माझा आग्रह आहे, तुमच्या गावची बोली गोष्टीत ठेवा. गावरान मजा म्हणून नाही. गोष्टीत घराची खूण तीच असते. ती खूण आधी दोन-तीनदा येऊ द्या. आजी सकाळी म्हणते खट्टे जाऊलास, दुपारी म्हणते खट्टे गेला होतास, आणि पोरांना त्याची सवय लागली की मग एकदाच बोटभर सरकवा. घर तेच, खुंटी तीच, फक्त खुंटीवरची छत्री ओली आहे आणि बाहेर पाऊस नाही. बोटभर म्हणजे बोटभरच. हातभर सरकवलंत की ते कार्टून होतं.

एक सावधगिरी मात्र पाळा, आपल्या भागात तर पाळाच. सीमाभागात राहतो म्हणजे पाट्या, मोर्चे, काळा दिवस हे पोरांच्या कानावर पडतंच. 1 नोव्हेंबर 2014 रोजी बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हा माझ्या कट्ट्यावरच्या कित्येक पोरांचा जन्मही झाला नव्हता. मोठ्यांचं भांडण त्यांच्या भुताच्या अंगावर घालू नका. कन्नड बोलणारं भूत आणि मराठी बोलणारा वीर, अशी गोष्ट एकाने मला छापायला पाठव म्हणून वाचायला दिली होती. मी परत केली. माझ्या रांगेत दोन्हीकडची पोरं एका कट्ट्यावर बसतात, त्यातल्या दोघा-तिघांना मी भूत ठरवू का? भाषा चुकणं भीतीदायक असतं. अमुक भाषाच भीतीदायक, असं म्हणणं म्हणजे थोरल्यांनी आपलं काम पोरांकडून करून घेणं झालं.

दोन लिप्यांमध्ये राहण्यात जी खरी गंमत आहे, ती कुणी वापरत नाही. आमच्या शेजारचा ज्ञानेश्वर घ्या. आपण म्हणतो द्न्यानेश्वर. इंग्रजीत त्याचं नाव डी, एन, वाय असं सुरू होतं. ते इंग्रजीवरून कुणीतरी कन्नडमध्ये चढवलं, आणि एका कागदावर तो झाला 'ड्न्यानेश्वर'. घरचे हसले, नाव दुरुस्त करायला तीन खेपा झाल्या, विषय संपला. पण त्याने मला हळूच विचारलं, "काकी, मग तो दुसरा कोण?"

त्या दुसऱ्यावर मी गोष्ट रचली. ड्न्यानेश्वर नावाचा एक पोरगा आहे, त्याला फक्त कागदावर घर आहे. तो वाईट नाही, त्याला भूक लागते एवढंच. तो एकेक करून ज्ञानेश्वरच्या वस्तू मागतो. आधी जुनी पाटी, मग चप्पल, मग वर्गातली जागा. प्रत्येक वेळी अगदी नम्रपणे विचारतो, आणि मागतो ती वस्तू खरंच लहानशी असते, नाही म्हणायला लाज वाटावी इतकी. शेवटी तो मागतो आईची हाक. फक्त एकदा, संध्याकाळी, जेवायला बोलावतात ती. इथे मी थांबते आणि पोरांना विचारते, द्यायची का? एका संध्याकाळी यावर मारामारी व्हायची बाकी राहिली होती. कन्नड शाळेतला एक पोरगा म्हणाला, देऊन टाकायची, त्याला कुणी हाक मारलीच नाही कधी.

भुताची दया येणं ही मुलांच्या भयकथेतली सगळ्यात न वापरलेली जागा आहे, असं माझं मत आहे. तशी ती जुन्या गोष्टींत आहेच. चिमणी-कावळ्याची गोष्ट पुन्हा ऐकून बघा. शेणाचं घर पावसात वाहून गेलेला कावळा रात्रभर दार वाजवतो आणि आतून येतं, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते. आपण लहानपणी चिमणीच्या बाजूने ऐकतो. कणकुंबीकडे चार महिने पाऊस कोसळत असतो तेव्हा ही गोष्ट सांगा, पोरं कावळ्याच्या बाजूला जातात. दाराबाहेर कोण आहे ही एक भीती झाली. आपणच दाराबाहेर असलो तर, ही दुसरी, आणि ती पहिलीपेक्षा खोल जाते. पायरीपायरीने लांबवायचं कसं, हेही त्याच गोष्टीत शिकायला मिळतं. दर वेळी कारण वेगळं असतं आणि दार तेच असतं.

माणसाचं सोडून जागेचं भूत करता येतं का? येतं. हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवर हिडकलचं धरण आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्याबाहेर येतं, पाऊस लागला की पुन्हा बुडतं. तुम्ही वेगळं काही रचायचीच गरज नाही. वर्षातून थोडे दिवस जग बघायला येणारं देऊळ हेच पुरेसं आहे. मी त्यात फक्त एक घर जोडलं, देवळासारखंच वर येणारं. त्या घराच्या माणसांनी जाताना दाराला कडी लावली होती, आणि घर अजून त्या घरातल्या धाकट्या पोराची वाट बघतंय. तो पोरगा आता सत्तर वर्षांचा आहे, आणि घराला ते माहीत नाही. घर त्याच्या नातवाला बघतं. दोघांचा चेहरा सारखा आहे. ही मी मोठ्या पोरांना सांगते, दहाच्या पुढच्या. लहानांना ती कळत नाही, आणि ज्यांचं घर खरंच गेलंय त्यांच्या म्हाताऱ्यांसमोर मी ती सांगत नाही.

प्राण्यांची भीती घालायची तर आधी तो प्राणी नीट माहीत करून घ्या. भीमगडच्या जंगलात, तळेवाडीजवळ, बारापेडेची गुहा आहे. तिथे रॉटनचं वटवाघूळ राहतं. 1913 साली त्याची शास्त्रात नोंद झाली. पुष्कळ वर्षं ही जात जगात फक्त याच गुहेत आहे असं मानलं जायचं, पुढे ती मेघालयात आणि कंबोडियातही सापडली. ते किडे खातं. रक्त पिणारी वटवाघळं दक्षिण आणि मध्य अमेरिकेकडची, इकडे ती नाहीतच. मग त्याला रक्तपिपासू कशाला करायचं? मी उलट केलं. गोष्ट वटवाघळाच्या पिल्लाच्या बाजूने सांगितली. काळोखात सगळं ठीक चाललंय, आई भिंतीला लटकलेली आहे, आणि एक दिवस गुहेच्या तोंडाशी पांढरा उजेड येतो. उजेडाला दोन पाय आहेत. तो हसतो. गोष्ट संपली तेव्हा एका पोराने हातातली बॅटरी बंद केली.

आता माझी चूक. लपवली तर हे सगळं लिहून उपयोग नाही.

दळणात नेहमी थोडी घट येते, हे सगळ्यांना माहीत असतं. पाच किलो दिलं तर पीठ कणभर कमीच भरतं. मी एक गोष्ट रचली की एका घरचं पीठ दर आठवड्याला मूठभर जास्त भरतं. गिरणीवाली खूश, आई खूश. जास्तीचं पीठ कशाचं, हे कुणी विचारत नाही. मग एक दिवस परातीत पीठ मळताना पोरीच्या बोटाला काहीतरी टोचतं. दुधाचा दात.

रचना म्हणून माझी ही सगळ्यात चांगली गोष्ट होती, आजही आहे. पण दुसरीतल्या एका पोराने तीन दिवस भाकरी खाल्ली नाही. चौथ्या दिवशी त्याची आई गिरणीवर आली आणि जे बोलली ते मी मुकाट्याने ऐकलं, कारण तिचं खरं होतं. पोर माझ्याच गिरणीचं पीठ खाणार, रोज, दोन्ही वेळा. त्या भीतीपासून ते पळणार कुठे?

तेव्हापासून तीन जागा मी गोष्टीत कधी घेत नाही: ताट, अंथरूण आणि संडास. या तीन ठिकाणी पोराला रोज जावंच लागतं, आणि निदान शेवटच्या दोन ठिकाणी एकट्याने. भीती अशा ठिकाणी ठेवा की पोराला हवं तर वळसा घालून जाता येईल. बंद पडलेला बोअर, गावाच्या वेशीवरची पाटी, बसथांबा, पडका गोठा. ज्याला हिंमत करायची आहे तो मुद्दाम जवळून जातो आणि दुसऱ्या दिवशी येऊन फुशारकी मारतो. ज्याला नको आहे तो पलीकडच्या बांधावरून जातो. निवड त्याच्या हातात राहिली पाहिजे.

वयाचंही बघा. माझ्या रांगेत सहा वर्षांचंही पोर असतं आणि तेराचंही. लहान असेल तेव्हा मी नियम मोडण्याची वाट आधीच दाखवून ठेवते. 'हिच्या पदराला कुणी धरलं की ती विसरते', असं काहीतरी. मोठी पोरं असतील तर वाट असते, पण शोधावी लागते. वाटच नाही अशी गोष्ट मी कुणालाच सांगत नाही. शेवटी भूत मेलं नाही तरी चालतं, पोर घरी पोचलं पाहिजे. लिहिताना मी शेवटचं वाक्य नेहमी उंबऱ्याच्या आत ठेवते. चुलीचा उजेड, कुणाचातरी खोकला, ताटाचा आवाज. त्यानंतर एक बारीक शंका सोडायची तर सोडा, पण ती उंबऱ्याबाहेर.

लिहिण्यापेक्षा सांगण्यात एक फायदा आहे, तो मला गिरणीने शिकवला. गोष्टीचा कडेलोट आणि डब्याचा शेवट एकाच वेळी यावा असं मी बघते. पेटीतलं धान्य संपत आलं की घरघरीचा सूर बदलतो, दगड मोकळा फिरायला लागतो. तो सूर ऐकला की मी शेवटच्या वळणावर येते, उठते आणि बटण बंद करते. पट्टा फट फट करत थांबतो. मग जी शांतता येते, तिच्यात एकच वाक्य बोलायचं असतं, आणि तेही हळू. ज्याच्याकडे गिरणी नाही त्याने पंखा बंद करावा, स्टोव्ह बंद करावा, काहीही करावं, पण कुठलातरी सततचा आवाज हाताशी ठेवावा. कागदावर लिहिताना हेच काम छोटा परिच्छेद करतो. लांब लांब वाक्यं चालू असतात आणि एकदम तीन शब्द येतात.

मग नावं घेऊन डबे द्यायचे, आणि पोरांना दोघादोघांनी पाठवायचं. एकट्याला नाही, हा माझा नियम आहे.

गेल्या पावसाळ्यात एकदा तो मोडला. दिवाळी अंकासाठी दिवसभर लिहीत बसले होते, डोकं त्याच भाषेत होतं. शेवटचा डबा 'नाळे बा'चा प्रश्न विचारणाऱ्या त्या पोरीचा. बाकी सगळी पांगली होती, बाहेर धुकं उतरलं होतं. मी हात झटकत दारात आले, बघते तर ती शाळेच्या बाजूच्या वाटेने निघालेली. मी मागून म्हटलं, "अगं, तिकडे कुठे चाललीस?"

ती जागच्या जागी थांबली. डबा पोटाशी घट्ट धरला. वळून काही बघितलं नाही.

"काकी," ती पुढे बघतच म्हणाली, "परत एकदा विचार. नीट."